आर२१ मलेरिया लस : परवडणारी, प्रभावी, पण एकाच स्ट्रेनवर बेतलेली

ऑक्सफर्ड विद्यापीठाने विकसित केलेल्या आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणाऱ्या ‘आर२१/मॅट्रिक्स-एम’ या लशीची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये केली. आफ्रिकेतील चार देशांत सुमारे ४,८०० बालकांवर झालेल्या चाचणीत पहिल्या वर्षी, हंगामी मलेरियाच्या भागात हंगामाच्या तोंडावर लस दिली तेव्हा ७५ टक्के आणि वर्षभर मलेरिया असणाऱ्या भागात ६८ टक्के संरक्षण मिळाले. २ ते ४ डॉलरला एक मात्रा हा दर पाहता, गरीब देशांसाठी याहून उपयुक्त लस आज उपलब्ध नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. चार मात्रा पूर्ण करणे खेड्यातील आईला जड जाते, हे मात्र खरे.

माझा खरा आक्षेप लशीच्या घडणीबद्दल आहे. डासाच्या दंशातून शरीरात शिरणाऱ्या, मलेरियाच्या फाल्सिपेरम या परजीवीच्या आवरणावर सीएसपी नावाचे प्रथिन असते. त्याचा मधला, पुनरावृत्तीचा भाग जगभर जवळपास सारखा आहे, परंतु शेवटचा भाग परजीवीगणिक बदलतो; शिवाय एकाच माणसात अनेक स्ट्रेन (परजीवीचे उपप्रकार) एकत्र नांदतात आणि डासाच्या पोटात त्यांचा संकर होऊन नव्या जुळण्या तयार होतात. आर२१ मध्ये हे दोन्ही भाग आहेत, पण ते एनएफ५४ या एकाच स्ट्रेनवरून घेतलेले आहेत.

याचा परिणाम काय होऊ शकतो, हे त्याच धर्तीच्या आधीच्या आरटीएस,एस लशीने दाखवले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय विश्लेषणानुसार ५ ते १७ महिन्यांच्या मुलांना, लशीशी तंतोतंत जुळणाऱ्या परजीवींपासून वर्षभरात सुमारे ५० टक्के, तर न जुळणाऱ्यांपासून सुमारे ३३ टक्के संरक्षण मिळाले. आणि जुळणारे परजीवी दहा टक्क्यांहूनही कमी होते. मधला स्थिर भाग लशीत नसता तर न जुळणाऱ्या परजीवींपुढे तिचा निभाव किती लागला असता, याची कल्पना एएमए१ या परजीवीच्या दुसऱ्या, फार बदलत्या प्रथिनावर बेतलेल्या लशीच्या मालीतील चाचणीवरून येते: एकूण संरक्षण जेमतेम १७ टक्के, तेही संख्याशास्त्रीयदृष्ट्या निर्णायक नाही; मात्र लशीशी जुळणाऱ्या परजीवींविरुद्ध ६४ टक्के. लस निकामी नव्हती, तिचे लक्ष्य फार बदलते होते.

भारतीय वाचकांनी आणखी एक मर्यादा ध्यानात घ्यावी: ही लस फाल्सिपेरमसाठी आहे, आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर आढळणाऱ्या व्हायव्हॅक्स या मलेरियाच्या दुसऱ्या परजीवीसाठी नाही.

म्हणून लस अवश्य द्यावी, पण लसीकरणानंतरही आजारी पडणाऱ्या मुलांच्या रक्तातील परजीवींचे सीएसपी जनुक नियमितपणे वाचले जावे, अशी माझी आग्रही मागणी आहे. कारण न जुळणारे स्ट्रेन वाढत असतील तर ते केवळ रुग्णांच्या आकड्यांवरून कळणार नाही. पुढच्या लशीत सीएसपीच्या जोडीला आरएच५ हे परजीवीचे आणखी एक प्रथिन असावे. परजीवीला तांबड्या पेशीत शिरण्यासाठी या प्रथिनाने पेशीवरील बेसिजिन नावाच्या प्रथिनाला चिकटावेच लागते, त्यामुळे त्यात फारसा बदल त्याला परवडत नाही, आणि बुर्किना फासोतील सुरुवातीच्या चाचणीत आरएच५ लशीने सहा महिन्यांत ५५ टक्के संरक्षण दिले आहे.