पुढच्या चाकांचं डिस्क ब्रेक किट: लोखंड चोख, ऑइलची बाजू लंगडी

ड्रमच्या जुन्या गाडीसाठी तयार किट घेताना लोक आधी डिस्कचा व्यास विचारतात. विचारायला हवं ते मास्टर सिलेंडरबद्दल, म्हणजे पॅडल दाबल्यावर ब्रेक ऑइलला दाब देणाऱ्या भागाबद्दल. साध्या किटमध्ये हब, डिस्क, कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग), पॅड, ब्रॅकेट, बेअरिंग, सील आणि होज येतात. सिलेंडर आणि व्हॉल्व्ह वेगळे घ्यावे लागतात. किट स्वस्त दिसतं ते त्यामुळेच.

ड्रममध्ये फिरत्या चाकामुळे लीडिंग शू (फिरण्याच्या दिशेने उघडणारा ब्रेक शू) आपोआप ड्रमवर ओढला जातो आणि पायाला फुकटची मदत मिळते. डिस्कमध्ये ती सोय नाही, सगळा दाब ऑइलमधूनच यावा लागतो. 1 इंच बोअरच्या सिलेंडरवर बूस्टर (इंजिनच्या व्हॅक्यूमने पायाचा जोर वाढवणारा भाग) नसेल तर पॅडल दगडासारखं लागतं. 7/8 इंचाच्या सिलेंडरने तेवढ्याच जोरात सुमारे 30 टक्के जास्त दाब मिळतो, पण पॅडल तेवढंच जास्त खाली जातं. बूस्टर हवा असेल तर आयडलला इंजिनचा व्हॅक्यूम मोजून घ्या. हॉट कॅम (जास्त पॉवरसाठीचा कॅमशाफ्ट) टाकलेल्या इंजिनला तो पुरत नाही. सिलेंडर बदलतोच आहोत तर दोन सर्किटचाच (पुढच्या आणि मागच्या ब्रेकची लाइन वेगळी) घ्यावा, यात काटकसर नको.

जुन्या सिलेंडरच्या तोंडाशी ड्रमसाठी साधारण 10 पीएसआय दाब धरून ठेवणारा छोटा व्हॉल्व्ह असू शकतो. तो डिस्कच्या लाइनवर राहिला तर पॅड सुटत नाहीत, चाक तापतं आणि दोष बिचाऱ्या कॅलिपरला जातो. सिलेंडर फ्लोअरखाली, कॅलिपरपेक्षा खालच्या पातळीला असेल तर मात्र ऑइल मागे ओघळू नये म्हणून 2 पीएसआयचा व्हॉल्व्ह लागतो. मागच्या ड्रमच्या लाइनवर ॲडजस्टेबल प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागचा दाब कमी ठेवणारा) हवा, नाहीतर जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी फिरते.

बसवणं त्या मानाने सोपं. बेअरिंग चाक फिरवत आवळा, मग सैल करून बोटाने टेकवा, स्प्लिट पिन नवी. डायल गेजवर डिस्कचा रनआउट (फिरताना होणारी डगमग) 0.1 मिमीच्या आत हवा; जास्त आला तर आधी हबवरचा गंज घासा. डावं-उजवं कॅलिपर अदलाबदल झालं तर ब्लीडर निपल (एअर काढायचं तोंड) खाली जातं आणि कितीही एअर काढली तरी पॅडल स्पंजीच राहतं. निपल नेहमी वर. होज बसवल्यावर स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून, चाक लटकतं ठेवून ताण तपासा. पॅडल आणि सिलेंडरमधल्या पुशरॉडला 1 मिमीच्या आसपास प्ले (मोकळी जागा) ठेवा. प्ले शून्य असेल तर सिलेंडरमधलं ऑइल परतायचं भोक बंद राहतं आणि ऑइल तापून फुगलं की ब्रेक आपोआप धरतो.

ऑर्डर देण्याआधी रिम मोजा. ड्रमवर बसणारी 14 इंची रिम कॅलिपरला घासू शकते आणि काही किटमध्ये हब बाहेर सरकल्यामुळे टायर मडगार्डला लागतो.

फायदा कुठे? पहिल्या जोरदार ब्रेकला चांगल्या स्थितीतला ड्रमही चाक लॉक करतो. तिथे मर्यादा टायरची. फरक कळतो लांब उतारावर, पाण्यातून बाहेर पडल्यावर आणि पाठोपाठच्या ब्रेकिंगला. सिलेंडर आणि व्हॉल्व्हसकट येणारं पूर्ण किट घ्यायला हरकत नाही. साधं किट फक्त ज्याला पाइपला डबल फ्लेअर (पाइपचं तोंड फुलवून दुहेरी दुमडणं) नीट मारता येतो त्याने घ्यावं. इतरांनी ड्रमलाच नवे लायनर आणि व्हील सिलेंडर टाकावेत.