गिटारवर ऑर्गन: बी-९ पेडलसोबतचे अकरा महिने

जालन्यातल्या आमच्या चर्चमध्ये पायपेटी होती. पायांनी भाता मारायचा आणि दोन्ही हातांनी वाजवायचं. माझ्या मामांनी ती तीस वर्षं वाजवली. पुढे भात्याचं कातडं फाटलं, अर्धे सूर बसले, दुरुस्त करणारा कारागीर मिळेना. कीबोर्डवाला मुलगा नोकरीला पुण्याला गेला. राहिलो मी आणि माझी इलेक्ट्रिक गिटार. रविवारच्या उपासनेत मंडळीच्या आवाजाखाली पुन्हा ऑर्गन हवा, एवढ्यासाठी गेल्या जूनमध्ये मी इलेक्ट्रो-हार्मोनिक्स कंपनीचं बी-९ ऑर्गन मशीन घेतलं, म्हणजे गिटारचा आवाज ऑर्गनसारखा करणारं पेडल.

हे पेडल २०१४ मध्ये आलं. गिटारला वेगळा पिकअप (तारांचा कंप पकडणारा भाग) बसवावा लागत नाही, नेहमीची केबल लावली की झालं. आवाज नऊ आणि नॉब चार: मूळ गिटार किती, ऑर्गन किती, आवाजाच्या लहरीचा वेग आणि क्लिक, म्हणजे सुराच्या सुरुवातीचा टक् आवाज. नऊपैकी मी खरे वापरतो तीन. संथ गीतांना कॅथीड्रल, उठावाच्या गीतांना गॉस्पेल आणि सरावाला जॅझ. काँटिनेंटल ऐकायला छान आहे, पण उपासनेत तो आवाज मला रुचत नाही.

पहिले तीन आठवडे वाया गेले ते अडॅप्टरमुळे. मूळचा अडॅप्टर घरी विसरलो म्हणून एका दुकानातून स्वस्तातला घेतला, आणि स्पीकरमधून सतत घूंऽऽ असा आवाज. दोष पेडलचा समजून बसलो होतो. मूळचा लावला आणि घुमणं थांबलं. हे पेडल बॅटरीवर चालत नाही, तेव्हा आपल्याकडच्या विजेचा भरवसा बघून इन्व्हर्टरची सोय आधी करा.

पेडल गिटारचं ऑर्गन करतं, पण गिटारवाल्याला ऑर्गनवाला करत नाही. मी पहिल्या रविवारी नेहमीसारखं स्ट्रमिंग केलं, सगळ्या तारांवरून हात फिरवत. चिखल झाला नुसता. सगळे सूर एकमेकांत शिरले. ऑर्गनची पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज तेवढाच येतो. लॉरेन्स हॅमंडचा वीजेवरचा ऑर्गन १९३५ मध्ये आला तोही असाच, जोर कमी-जास्त करायचा तो पायाखालच्या पेडलने. म्हणजे आमच्या उजव्या हाताची सगळी कमाई इथं उपयोगाची नाही. मी पिक ठेवून दिला. बोटांनी तीनच तारा एकदम उचलायच्या, जवळजवळचे सूर घ्यायचे, आणि पुढची कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, येईपर्यंत डाव्या हाताची पकड सोडायची नाही. हे अंगवळणी पडायला मला दिवाळी उजाडली.

तरी मामा ऐकून म्हणाले, "वाजवतोस बरं, पण श्वास घेईनास." मला कळेना. त्यांनी समजावलं की पायपेटीचा भाता माणसासारखा श्वास घेतो, आणि ओळ संपते तिथं वाजवणारा हात उचलतो म्हणून मंडळीलाही श्वास घेता येतो. त्या दिवसापासून मी प्रत्येक गीत आधी म्हणतो, कुठं दम लागतो तिथं वहीत रेघ मारतो, आणि त्या रेघेवर तारांवरून हात उचलतो. माझ्या वाजवण्यात सगळ्यात मोठा फरक त्या रेघांनी पडला.

एक मर्यादा मात्र तारेचीच आहे. तार गुंजते तोवर ऑर्गन, तार विझली की तोही विझला. शेवटच्या 'आमेन'ला चार-पाच सेकंद आवाज धरायचा असतो आणि नेमका तिथंच तो ओसरतो. पेडलच्या आधी कॉम्प्रेसर, म्हणजे विझत जाणारा आवाज उचलून धरणारं पेडल, लावल्यावर बराच फरक पडला. डिस्टॉर्शन (आवाज खरखरीत करणारं पेडल) कधीही आधी लावू नका, पेडलला साफ आवाज द्यावा लागतो. तारा जुन्या झाल्या, सूर किंचित हलला, की ऑर्गनमध्ये ते दुपटीने ऐकू येतं. आमच्या उन्हाळ्यात, पारा चाळिशीच्या वर असताना, मी दर गीताआधी ट्यूनर बघतो.

स्पीकरवर खर्च करायचा असेल तर आधी तिथं करा. गिटारची सर्वांत खालची तार साधारण ८२ हर्ट्झची. ऑर्गनचा भरदारपणा तिच्याही खालच्या सप्तकातून, ४१ हर्ट्झच्या आसपास येतो, आणि गिटारच्या अ‍ॅम्पमध्ये तो जवळजवळ हरवतो. चर्चच्या भिंतीवरचे कॉलम स्पीकर तर त्याहून पातळ. पेडलला दोन आउटपुट आहेत. साधी गिटार मी माझ्या अ‍ॅम्पमध्ये देतो आणि ऑर्गन उसन्या आणलेल्या कीबोर्ड अ‍ॅम्पमध्ये. नाताळच्या उपासनेत तो पहिल्यांदा लावला तेव्हा मागच्या बाकावरच्या एक आजी पुढं येऊन म्हणाल्या, "आरं बाळा, पेटी कुठं ठिवलीस? आवाज तर येतोय."

क्लिकबद्दल थोडं. हॅमंडची पट्टी दाबताना होणारा टक् आवाज बनवणाऱ्यांना दोष वाटत होता, वाजवणाऱ्यांना मात्र तोच आवडला. संथ गीतांत मी तो अगदी कमी ठेवतो, गॉस्पेलला वाढवतो. वेगाचा नॉब फिरवायला मात्र खाली वाकावं लागतं. हॅमंडसोबत वापरतात त्या खऱ्या लेस्ली स्पीकरमधलं फिरणारं भोंगं संथावरून वेगात जाताना जी हळूहळू चढणारी लहर देतं, ती दोन्ही हात गिटारवर असताना माझ्याकडून होत नाही.

मला सर्वांत जास्त शंका भजनांची होती. मिशनच्या काळापासूनच्या विलायती चाली चार सुरांच्या कॉर्डवर उभ्या असतात, त्या या पेडलवर आपोआप बसतात. पण ना. वा. टिळकांची भजनं अभंगाच्या चालीवर, तबला-झांजांसोबत म्हणायची, तिथं कॉर्ड टोचतात. मग मी कॉर्ड सोडून एकच तार धरली, षड्ज-पंचम खाली हलका ठेवला आणि चाल घसीट घेत वाजवली. पेटीवर मींड निघत नाही, पट्ट्यांमधली जागा रिकामी असते. इथं तार ओढली की ऑर्गनचा सूर तिच्या मागोमाग सरकत जातो. उत्तम शुक्रवारी असं एक भजन वाजवलं, आणि मामा डोळे मिटून बसले होते.

ईस्टरपासून आम्ही दोघं मिळून वाजवतो. ऑर्गनच्या आउटपुटवर व्हॉल्यूम पेडल लावलंय आणि ते मामांच्या पायाखाली असतं. ओळ चढली की ते दाबतात, श्वासाच्या जागी सोडतात, मी फक्त सूर धरतो. त्यांचा गुडघा दुखतो म्हणून सुताराकडून पेडलखाली बसेल असा तिरका लाकडी ठोकळा करून घेतलाय.