रॅपिड रिसेट: एचटीटीपी/२ बंद करायचं, मर्यादा लावायच्या की पॅच?

रॅपिड रिसेट हा एचटीटीपी/२मधल्या (ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातल्या संवादाच्या नियमांची एक आवृत्ती) त्रुटीवर चालणारा हल्ला; त्या त्रुटीचा नोंदक्रमांक सीव्हीई-२०२३-४४४८७. जुना वेब सर्व्हर ताब्यात आला आणि त्यावर या त्रुटीचा पॅच नसेल, तर आधी हल्ला कसा चालतो ते नीट समजून घ्या. क्लायंट विनंती पाठवतो आणि पुढच्याच क्षणी रद्द करतो. रद्द झालेला स्ट्रीम (म्हणजे कनेक्शनमधला त्या विनंतीचा प्रवाह) एकावेळच्या मर्यादेत मोजला जात नाही, पण सर्व्हर कामाला लागलेला असतो. मग एकाच कनेक्शनवरून हे अखंड चालतं. ऑगस्ट २०२३मध्ये गूगलवर सेकंदाला ३९.८ कोटी विनंत्यांचा मारा झाला. क्लाउडफ्लेअरवर २०.१ कोटींचा झाला, तोही जेमतेम २० हजार मशिनांच्या जोरावर.

एचटीटीपी/२ बंद करणं सर्वांत झटपट. एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या जुन्या आवृत्तीत ‘लिसन’च्या ओळीतून ‘एचटीटीपी२’ हा शब्द काढायचा, कॉन्फिग तपासून रीलोड करायचं. इथे बरेच जण फसतात: एका साइटच्या ब्लॉकमधून शब्द काढला आणि त्याच पोर्टवरच्या दुसऱ्या ब्लॉकमध्ये राहिला, तर एचटीटीपी/२ सगळ्यांसाठी चालूच राहतं. किंमतही आहे. मग जुन्या एचटीटीपी/१.१वर ब्राउझर एका होस्टला साधारण सहाच कनेक्शन उघडतो आणि प्रत्येकावर एकावेळी एकच विनंती चालते, त्यामुळे छोट्या चित्रांनी भरलेली पानं रेंगाळतात. जीआरपीसी (एचटीटीपी/२वरच चालणारी, सेवांमधल्या संवादाची पद्धत) चालवत असाल तर ही वाट बंदच.

मर्यादांचं म्हणाल तर एनजिनएक्समध्ये मुळातच एकावेळी १२८ स्ट्रीम आणि एका कनेक्शनवर १००० विनंत्या एवढीच मुभा असते. वेगाच्या हव्यासापायी कुणी हे आकडे वाढवले असतील, तर आजच मागे आणा. पण हा बांध आहे, दुरुस्ती नव्हे.

माझा कौल स्वच्छ पॅचला. एनजिनएक्स १.२५.३ किंवा पुढची आवृत्ती घ्या. अपाचे या दुसऱ्या वेब सर्व्हरसाठी, तो वापरत असलेली एनजीएचटीटीपी२ ही लायब्ररी १.५७.० किंवा पुढची हवी. डेबियन-उबंटूवर आकडा जुनाच दिसेल, कारण तिथे दुरुस्ती जुन्या आवृत्तीतच बसवतात. पॅकेजच्या चेंजलॉगमध्ये (बदलांच्या नोंदीत) सीव्हीई क्रमांक शोधा. अपडेटनंतर पूर्ण रीस्टार्ट कराच. नुसत्या रीलोडने कॉन्फिग नव्याने वाचली जाते, मेमरीतला एनजिनएक्स जुनाच राहतो.

सर्व्हरच्या पुढे सीडीएन (विनंत्या आधी स्वतःवर झेलणारं मध्यस्थ सर्व्हरांचं जाळं) असेल तर उत्तम, पण सर्व्हरचा मूळ आयपी पत्ता बाहेर माहीत असेल तर हल्लेखोर थेट तिथेच येतो.

रीस्टार्टची परवानगी रात्रीच मिळणार असेल, तर तोवर एचटीटीपी/२ बंद ठेवा. पानं दिवसभर हळू उघडली तरी चालतील.