जाळ्यासाठी आणि घरच्यांसाठीही : २४ फुटी फायबरची होडी

मालवणात आमच्या जुन्या लाकडी होडीच्या फटी भरण्यात आणि तिला तेल देण्यात दरवर्षी बरेच दिवस जात असत, म्हणून १ जून ते ३१ जुलैची मासेमारीबंदी संपताच आम्ही २४ फुटी फायबरची होडी घेतली. निवड करताना आम्ही लांबीपेक्षा रुंदीला महत्त्व दिले, कारण जाळे ओढताना दोघे एकाच काठाशी उभे राहतात आणि सुट्टीत आई व मुले बसली की त्याच रुंदीचा आधार वाटतो. बैठकींखालचे कप्पे फोमने भरलेले असल्याने पाणी शिरले तरी होडी तरंगत राहते. माझ्या मते कुटुंबासाठी याहून मोठा गुण नाही. कर्ली खाडीच्या उथळ वाळूवर बाहेरचे इंजिन वर उचलता येते, हीही मोठी सोय आहे. मात्र फायबर हलके असल्यामुळे रिकामी होडी फार डुलते, त्यामुळे नांगर आणि बर्फाची पेटी तळाशी मधोमध ठेवावी लागते. मासळीच्या कप्प्याचे झाकण मात्र कारखान्याने अगदी गुळगुळीत दिले होते; मुलगी त्यावरून घसरल्यावर आम्ही रेझिनमध्ये वाळू मिसळून ते खरबरीत करून घेतले.