ताडोब्यात रात्र: मचाण की शेतातला तंबू?

ताडोब्याच्या जंगलात तंबू ठोकायचा बेत असेल, तर तो आधी डोक्यातून काढा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चं कलम २७ परवान्याशिवाय आत पाऊल टाकू देत नाही, आणि सफारीचं तिकीट म्हणजे मुक्कामाची परवानगी नव्हे. मग उघड्यावर रात्र काढायला मार्ग दोनच उरतात.

बुद्धपौर्णिमेला वनविभाग बफरमधल्या, म्हणजे जंगलाच्या गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातल्या, पाणवठ्यांवरच्या मचाणांवर शुल्क घेऊन बसवतो. रात्रभर खाली उतरायचं नाही, शेकोटी नाही, गप्पाही दबक्या आवाजात. ज्याला पाय पसरून झोपायचंय त्याने जाऊच नये. पण चांदण्यात पाण्यावर आलेलं अस्वल दिसलं, की पैसे वसूल.

बफरच्या गावात कुणाच्या शेतावर तंबू लावायचा, तर मालकाची संमती हवी. पोलीस पाटलांच्याही कानावर घाला. धुऱ्यापलीकडे, म्हणजे शेताच्या बांधापलीकडे, राखीव वन लागलं की १९२७ चा वन अधिनियम आडवा येतो, तिथे विस्तव पेटवणं गुन्हा. रानडुकरांसाठी लावलेली झटका मशीनची, म्हणजे विजेचा झटका देणारी, तार कुठून गेलीय, ते उजेड असतानाच विचारून ठेवा. मोहफुलांच्या दिवसांत तर तंबू नकोच. पहाटे मोहाखाली अस्वलं येतात, वाघाचीही ये-जा असते.

लेकरं सोबत असतील, तर मी दोन्ही सोडून गावातला होमस्टे धरीन.