गिअरबॉक्सचा ऑईल कूलर: एफजे क्रूझर आणि अल बदायरची वाळू

गाडी टोयोटा एफजे क्रूझर, ४.० लिटरचं व्ही-सिक्स इंजिन, पाच गिअरची ऑटोमॅटिक, सेकंडहँड घेतलेली. आठवडाभर ती शारजा-दुबई अशी ऑफिसची ये-जा करते आणि ऑक्टोबर ते एप्रिल सुट्टीच्या दिवशी शारजातल्या अल बदायरच्या वाळवंटी टेकड्यांत असते. तिला मी हेडन कंपनीचा स्टॅक्ड-प्लेट ट्रान्समिशन कूलर, म्हणजे गिअरबॉक्सचं तेल हवेने थंड करणारा थरांच्या पात्यांचा कूलर, बसवून घेतला. उन्हाळा आणि हिवाळा दोन्ही पाहून झाले, म्हणून आता लिहिते आहे. कूलर चांगला आहे, पैसे वसूल होतात. पण नुसता कूलर आणून भागत नाही. तो कुठे बसवलाय आणि तेलाचं तापमान चालवणाऱ्याला दिसतंय की नाही, यावर सगळं आहे.

मी एसीच्या धंद्यातली. चिलर, कंडेन्सर, कूलिंग टॉवर हेच रोजचं काम, त्यामुळे उष्णतेचा हिशोब मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो आणि ताकद तेलातून पुढे जाते. त्यात थोडी घसरण होतेच आणि तिची उष्णता होते. हायवेवर लॉकअप क्लच, म्हणजे दोन्ही बाजू थेट जोडणारा क्लच, लागला की घसरण बंद, तिची उष्णताही बंद. मऊ वाळूत गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये रडतखडत चढत असते, तिथे लॉकअप बहुतेक लागतच नाही. इंजिन तीन हजारावर फिरतंय आणि चाकं जेमतेम हलताहेत, अशा वेळी फरकाची सगळी ताकद तेल तापवण्यात जाते. समजा ३० किलोवॅट तेलात गेले. एक टन एसी म्हणजे साधारण साडेतीन किलोवॅट. म्हणजे साडेआठ टनांचा भार दहा-अकरा लिटर तेलावर! थंड करणारं काहीच नसेल तर कागदावर ते तेल सेकंदाला दीड अंशाने तापतं. धातूचं वजन धरलं तर वेग कमी होतो, पण अर्ध्या मिनिटाच्या हट्टाने काय होऊ शकतं, ते यावरून कळावं.

डॅशबोर्डवर तेलाच्या तापमानाचा दिवा असतो, तो पेटेपर्यंत चालवा, असं मला अनेकांनी सांगितलं. हे ऐकू नका. हा दिवा साधारण १५० अंश सेल्सिअसला पेटतो. तेलाबाबतचा जुना ठोकताळा असा, की नेहमीच्या तापमानावर दर ११ अंश वाढले की तेलाचं आयुष्य निम्मं होतं. १२० च्या वर सतत राहिलं की ते काळं पडायला लागतं, जळका वास येतो, सील कडक होतात. दिवा पेटतो तेव्हा नुकसान आधीच सुरू झालेलं असतं.

म्हणून कूलरच्याही आधी ओबीडी सॉकेटला (गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे वाचायचा सॉकेट) लावायचा स्कॅनगेज, म्हणजे आकडे दाखवणारा छोटा डिस्प्ले, घ्या, किंवा ब्लूटूथचा स्वस्त अडॅप्टर आणि मोबाईलवरचं ॲप. टोयोटाचे गिअरबॉक्सचे कोड त्यात वेगळे टाकावे लागतात, एकदाच. मग दोन आकडे दिसतात, एक कन्व्हर्टरमधून बाहेर पडणाऱ्या तेलाचा आणि दुसरा खालच्या पॅनमधल्या तेलाचा. गाडी चालवताना नजर पहिल्यावर ठेवायची, कारण चढणीवर तो झपाट्याने उसळतो आणि पॅनचा आकडा सावकाश मागून येतो.

बसवून घेतला शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका गॅरेजात. तिथल्या उस्तादांचा हात फार स्वच्छ आहे. नळी कापली की लगेच तोंडाला बूच, कुठे वाळूचा कण जाऊ देणार नाहीत. त्यांचं म्हणणं होतं, मॅडम, रेडिएटरमधला कंपनीचा तेलाचा कूलर काढून टाकू, तेल थेट बाहेरच्या कूलरला देऊ. आखाती देशांत बरेच जण असं करतात आणि त्यामागे कारणही खरं आहे. रेडिएटरच्या टाकीतला तो कूलर आतून फुटला तर कूलंट आणि तेल एकत्र होऊन गुलाबी लस्सी बनते आणि गिअरबॉक्स संपतो. तरी मी नको म्हटलं. वाळूत गाडीला वेग नसतो, हवा मिळत नाही, आणि अशा वेळी पाण्यात बुडालेला कूलर हवेवरच्या कूलरपेक्षा भरवशाचा. हिवाळ्यात पहाटे तेल लवकर कोमट करण्याचं कामही तोच करतो. जुन्या रेडिएटरची भीती वाटत असेल तर रेडिएटर नवा घाला. मीही तेच केलं.

तेलाचा क्रम मात्र महत्त्वाचा आहे. गिअरबॉक्समधून गरम तेल आधी रेडिएटरमध्ये, मग बाहेरच्या कूलरमध्ये, मग परत. उलटं जोडलं तर हवेने थंड केलेलं तेल रेडिएटरच्या नव्वद अंशांच्या पाण्यातून जाऊन पुन्हा तापेल. आणि कूलर एसी कंडेन्सरच्या पुढे, फॅन जिथून हवा ओढतो त्या भागात हवा. बंपरच्या कोपऱ्यात लपवलेले कूलर मी पाहिले आहेत. हायवेवर ते छान चालतात, वाळूत त्यांचा उपयोग नाही. अशा किटमध्ये कंडेन्सरच्या पात्यांतून आरपार घालायच्या नायलॉनच्या पट्ट्या मिळतात, त्या वापरू नका. हादऱ्यांनी कंडेन्सरची नळी घासली जाते. उस्तादांनी लोखंडी पट्टीचा छोटा ब्रॅकेट वेल्ड करून त्यावर कूलर बसवला, खाली रबराचे वॉशर दिले.

तेल भरणं हे सगळ्यात किचकट काम. या गिअरबॉक्सला डिपस्टिक नाही. इंजिन चालू, तेल ४६ ते ५६ अंशांच्या मध्ये, आणि खालचं ओव्हरफ्लोचं बूच उघडल्यावर बारीक धार लागून ती ठिबकण्यावर आली पाहिजे. आता उन्हाळ्यात शेडमध्येच ४५ अंश असतात, गाडी रॅम्पवर चढवेपर्यंत तेल ५६ ओलांडतं. तेल फुगलेलं असताना पातळी बघितली तर ते कमी भरलं जातं. म्हणून गाडी रात्री गॅरेजात ठेवायची आणि हे काम पहाटे करायचं. उस्ताद त्यासाठी लवकर आले, त्यांचे मनापासून आभार. कूलर आणि वाढीव नळ्यांमुळे तेलही थोडं जास्त लागतं. टोयोटाचं डब्ल्यूएस तेलच घाला.

आता आकडे. पूर्वी अल बदायरच्या मोठ्या चढांवर, बाहेर ३५ अंश असताना, कन्व्हर्टरचा आकडा १३५ आणि पॅनचा ११८ पर्यंत जायचा. आता तसल्याच चढांवर ११२ आणि ९८. हायवेवर ८८ च्या आसपास असायचा तो ८० च्या खाली राहतो. मला सर्वांत आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. तापलेलं तेल पुन्हा खाली यायला आता निम्म्याहून कमी वेळ लागतो, त्यामुळे माझ्यासाठी ताफा थांबवून ठेवावा लागत नाही.

एसीवर थोडा परिणाम होतो. कूलरची गरम हवा कंडेन्सरवर जाते, म्हणून गाडी उभी असताना थंडावा किंचित कमी होतो. चालू लागली की फरक जाणवत नाही. पात्यांत बारीक वाळू अडकते. इंजिनाच्या बाजूने पुढे अशी हवा मारून ती काढा. प्रेशर वॉशर लावू नका, पाती वाकतात.

कूलर लावला तरी चालवण्याची रीत बदलत नाही. टायर १५ पीएसआयवर आणा. मऊ वाळूत फोर-हायमध्ये (चारही चाकं, नेहमीचे गिअर) ओढत बसण्यापेक्षा फोर-लो (चारही चाकं, जास्त ताकदीचे हळू गिअर) टाका. इंजिन मोकळं फिरतं, कन्व्हर्टर कमी घसरतो, तेल थंड राहतं. रुतलात तर ॲक्सिलरेटर दाबून धरू नका, फावडं काढा. आकडा १२० ला गेला की कडक जमिनीवर वाऱ्याकडे तोंड करून उभे राहा, गिअर न्यूट्रलला, एसी बंद, इंजिन बाराशे-पंधराशेवर. एफजेचा फॅन इंजिनावरच फिरतो, म्हणून थोडा रेस दिला की हवा वाढते. तापलेली गाडी लगेच बंद करणं हे सर्वांत वाईट, कारण पंप थांबतो आणि तेल कन्व्हर्टरमध्ये तसंच शिजत राहतं. अबू धाबीतल्या लिवाच्या वाळवंटात टेकड्यांच्या मधली सबखा, म्हणजे मिठाची सपाट कडक जमीन, यासाठी छान आहे. तिथे थोडा वेळ सरळ गाडी पळवली की आकडा खाली येतो.

खर्च मला कूलर ४२० दिरहॅम आणि मजुरी ३०० आला, तेल आणि रेडिएटर वेगळे. फक्त रस्त्यावर आणि वादीच्या, म्हणजे कोरड्या नदीपात्राच्या, खडीवर फिरणाऱ्यांना याची गरज नाही, त्यांनी तेल वेळेवर बदलावं. तेल तपकिरी होऊन जळका वास येत असेल तर आधी गिअरबॉक्स तपासून घ्या; कूलर झिजलेले क्लच परत आणत नाही. आणि लिवाच्या तल मोरीब टेकडीसारख्या, सुमारे ३०० मीटर उंच चढावर जायचं असेल, तर कूलरवर थर्मोस्टॅटचा वेगळा इलेक्ट्रिक फॅन घ्या. मी तो पुढच्या महिन्यात बसवणार आहे. रबरी नळ्यांचे क्लॅम्प पहिल्या वाळूच्या फेरीनंतर पुन्हा आवळून घ्या, माझा एक थोडा सैल निघाला.