रुंदी चुकलेली घ्यावी की दात चुकलेली? कामठी रोडची एफसी आणि काटोलची जीप-पिकअप

भाच्याला जुनी पिकअप घ्यायची आहे. शेत सावनेर तालुक्यात, काळी जमीन, संत्र्याची बाग. आंबिया बहाराचा माल नागपूरच्या कळमना बाजारात न्यायचा, पावसाळ्यात चिखलातून बांधापर्यंत जायचं आणि एखाद्या रविवारी गाडी धुऊन सिव्हिल लाइन्सला मिरवायची, असा त्याचा बेत. दोन गाड्या त्याने हेरून ठेवल्या होत्या. एक कामठी रोडवरच्या गॅरेजात उभी असलेली महिंद्रची एफसी-150, म्हणजे ड्रायव्हर इंजिनाच्या शेजारीच बसतो ती चपट्या तोंडाची. दुसरी काटोलजवळच्या शेतकऱ्याकडची लांब चेसिसची जीप, मागे लोखंडी हौदा बसवलेली. काटोलची सत्तर-पंचाहत्तर हजारांनी स्वस्त, आणि दिसायलाही देखणी.

दोन्ही विकणाऱ्यांचं पहिलं वाक्य एकच होतं : "गाडी ओरिजिनल आहे भाऊ." पन्नास वर्षं खाणीत आणि शेतात राबलेल्या गाडीचे भाग बदललेले असणारच. म्हणून आम्ही ओळखीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीला सोबत घेतलं. त्यांना सगळे उस्ताद म्हणतात. त्यांची झोळी लहानशी : टेप, खडू, पेन्सिल, पातळ कागद, लोखंडी ब्रश आणि दोन पाने, एक अर्धा इंची, एक तेरा मिलिमीटरचा.

आधी चेसिस

यावर फार वेळ गेला नाही. नंबराच्या जागेचा गंज ब्रशने काढायचा, कागद ठेवून वरून पेन्सिल घासायची आणि उठलेली छाप आरसीशी ताडून पाहायची. आकडे खरवडलेले, भोवती वेल्डिंगची शिवण किंवा पट्टी वेगळी जोडलेली दिसली, तर पुढचं काहीच न पाहता घरी यायचं. दोन्ही गाड्या इथे पास झाल्या. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यातलं अंतर एफसीचं 81 इंच भरलं, तिचा कारखान्याचा मापच तो. काटोलवालीचं 91 भरलं. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज (अमेरिकन कंपनी, जिच्या जीपा पुढे महिंद्रने इथे बनवल्या) आणि फोर्ड जीपचं हे माप 80 इंच होतं, त्यामुळे ही चेसिस नंतरची, लांब जीपची. हा 91 चा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामी येणार आहे.

इंजिन : एकीत नंबर परका, दुसरीत जातच परकी

विलीज घराण्याची दोन पेट्रोल इंजिनं आपल्याकडे सापडतात. दोन्ही 134 घनइंचाची, म्हणजे सुमारे 2.2 लिटरची. जुन्या 'गो डेव्हिल'मध्ये सगळे वॉल्व्ह ब्लॉकमध्येच असतात, म्हणून हेड एकदम सपाट, पाटासारखं. नंतरच्या 'हरिकेन'मध्ये हवा आत घेणारे वॉल्व्ह हेडमध्ये गेले आणि धूर सोडणारे ब्लॉकमध्येच राहिले. त्यामुळे हेडवर पत्र्याचं झाकण दिसतं, कार्बोरेटरही वर चढतो. या वाढलेल्या उंचीमुळेच सीजे-3बी जीपचं बोनेट इतकं उंच झालं. हेड सपाट की झाकणाचं एवढं पाहिलं, की दोहोंत गल्लत होत नाही.

कामठी रोडच्या एफसीत हरिकेनच होतं, आणि तिथे तेच हवं. पण ब्लॉकवरचा नंबर आरसीशी जुळेना. म्हणजे इंजिन जातीचं, पण दुसऱ्या गाडीतून आलेलं. गॅरेजवाला थोडे आढेवेढे घेऊन कबूल झाला.

काटोलवालीच्या आरसीवर पेट्रोल लिहिलंय, आणि बोनेट उघडलं तर आत डिझेल. नुसतं डिझेल म्हणून नाक मुरडायचं कारण नाही, महिंद्रने स्वतःही डिझेल जीपा विकल्या. प्रश्न एवढाच, की हे कंपनीने बसवलं की कोण्या मिस्त्रीने? आणि आणलं कुठून? उस्तादांचे दोन पाने इथे बाहेर निघाले. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर. अर्धा इंची बोल्टाच्या डोक्यावर तेराचा पाना बसतो, पण डुगडुगतो. तेराच्या डोक्यावर मात्र अर्धा इंची पाना चढतच नाही. महिंद्रच्या जीपांमध्ये पुढे आलेलं प्यूजोचं 2112 सीसीचं डिझेल फ्रेंच, त्याचे बोल्ट मिलिमीटरचे. इथे इंजिनभर अर्धा इंची पाना चपखल बसत होता, म्हणजे प्यूजो बाद. मग उरलं बी-275, इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या इंग्लंडमधल्या घराण्याचं ट्रॅक्टर इंजिन. याच घराण्यातलं डिझेल महिंद्रने जीपमध्येही घातलं होतं. पण इथे बेल हाउसिंग (इंजिनाला गिअरबॉक्स जोडणारं कवच) आणि ब्लॉकच्या मध्ये हाताने गॅसकटरने कापलेली जाड प्लेट होती, कडा वेड्यावाकड्या, आणि इंजिनाखालचे ब्रॅकेट चेसिसला नव्याने वेल्ड केलेले. कारखान्यात असं काम होत नाही.

त्याचा फायदाही सांगतो. हिंगण्याच्या एमआयडीसीत महिंद्रचे ट्रॅक्टर बनतात आणि विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी बी-275 उघडून जोडणारा मिस्त्री मिळतो. हरिकेनचे ठिणगीचे पॉइंट जुळवणारे हात मात्र कमी होत चालले आहेत.

तोटा वेगाचा. साधारण सव्वादोन मीटर घेराचं चाक, मागे 5.38 चा क्राऊन-पिनियन (एक्सलमधली दातांची जोडी : एक्सलला फिरवणारा शाफ्ट 5.38 फेऱ्या फिरला की चाकाची एक) आणि मिनिटाला 2000 फेऱ्यांच्या आसपास दमणारं ट्रॅक्टरचं इंजिन. या हिशेबाने टॉप गिअरमध्ये ताशी 50 किलोमीटरच्या पुढे गाडी जाणार नाही. काटोल ते नागपूर हा साठेक किलोमीटरचा रस्ता 50 ने कापायचा म्हणजे मागचा प्रत्येक ट्रकवाला हॉर्न मारणार. पण आम्ही चालवून पाहिली तेव्हा गाडी त्याहून जरा जास्तच पळाली. उस्ताद म्हणाले, "मांगं काहीतरी आहे भाऊ. खाली पाहा लागते."

मागचा एक्सल

खरी तुलना इथे आहे.

कामठी रोडच्या एफसीपासून सुरू करू. गॅरेजसमोर धुळीत बादलीभर पाणी टाकलं आणि उस्तादांनी गाडी सरळ पुढे घ्यायला लावली. साधारणपणे मागची चाकं पुढच्यांच्या खुणेवरूनच जातात. इथे मागच्या चाकांची खूण दोन्ही बाजूंना चार-सव्वाचार इंच आत उठली. टेप लावला : पुढे डाव्या-उजव्या चाकांच्या मध्यातली रुंदी 57 इंच, मागे 48 च्या थोडी वर. अमेरिकेत एफसी-150 निघाली 1956 च्या अखेरीला, तेव्हा तिला साध्या जीपचीच अरुंद रुंदी होती. 1958 मध्ये कंपनीने ती 57 इंच केली. तेव्हा या गाडीचा पुढचा एक्सल तिचाच आहे आणि मागचा कुठल्या तरी सीजे जीपचा. खाली वाकून पाहिलं तर स्प्रिंगच्या पाट्यांच्या बैठकी एक्सलवर नव्याने वेल्ड केल्याच्या शिवणी स्पष्ट दिसल्या.

आता क्राऊन-पिनियनचे दात. हे मोजणं कुणालाही घरी करता येतं. मागचं एकच चाक जॅकवर उचला, बाकीच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा आणि हँडब्रेक सोडा. दगड विसरू नका, कारण या जुन्या गाड्यांचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसमागे (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या एक्सलना वाटणारी पेटी) शाफ्टवर असतो. तो सोडला की गाडी फक्त दगडांवर थांबलेली असते. मग शाफ्टवर आणि टायरवर खडूची रेघ मारा, उचललेलं चाक बरोबर दोन फेऱ्या फिरवा आणि शाफ्टच्या फेऱ्या मोजा. एक चाक जमिनीवर थांबलेलं असल्यामुळे दुसऱ्याच्या दोन फेऱ्या म्हणजे क्राऊनची एक. एफसीच्या शाफ्टने पाच फेऱ्या पूर्ण केल्या आणि सहावीचा एक तृतीयांश ओलांडला. क्राऊनचे 43 दात भागिले पिनियनचे 8, म्हणजे 5.38. पुढेही तेच निघालं.

काटोलवालीला टेप लावला तर पुढची-मागची रुंदी जवळपास सारखी. भाचा खूश. उस्ताद मात्र मागच्या हबकडे, म्हणजे चाकाच्या मध्याकडे, पाहत उकिडवे बसले. सीजे-3बीच्या मागच्या चाकात मधोमध पत्र्याची टोपी असते, आणि ती काढली की आत मोठा नट व कॉटर पिन. इथे टोपीच्या जागी सहा बोल्टांनी कसलेली चकती होती. ही युद्धकाळातल्या जीपच्या एक्सलची खूण. त्यात गाडीचं वजन हबवर बसतं, आतला दांडा फक्त चाक फिरवतो. ब्रशने घासल्यावर सहापैकी चार बोल्टांच्या डोक्यावर इंग्रजी 'एफ' अक्षर उठलं. फोर्डने बनवलेल्या जीपच्या भागांवर आणि बोल्टांवर कंपनी हे अक्षर टाकायची. तेवढ्यावरून एक्सल फोर्डचाच असं मी छातीठोक म्हणणार नाही, कारण विलीज आणि फोर्डचे भाग एकमेकांत बसावेत म्हणूनच बनवले होते आणि बोल्ट तर सर्रास सरमिसळ होतात. पण काळ्या रंगाखाली एक्सलवर लष्करी हिरवा रंग निघाला आणि चेसिसवर कुठेच निघाला नाही. चेसिस 91 इंची, एक्सल 80 इंची गाडीचा. दोघांची भेट कुठल्या तरी भंगाराच्या ढिगात झाली असणार.

आणि दात? मागे पाच फेऱ्याही पूर्ण झाल्या नाहीत, 4.88. पुढच्या पिनियनवर मोजलं, 5.38. जास्तीच्या वेगाचं कोडं सुटलं. ट्रॅक्टरच्या मंद इंजिनाला थोडा पळ मिळावा आणि हौद्याचं ओझं पेलावं म्हणून कोण्या हुशार मिस्त्रीने हा एक्सल शोधून लावला होता. चोरटं काम नव्हतं, विचार करून केलेलं होतं.

पण पुढचा प्रोपेलर शाफ्ट जागेवर नव्हता. मालक म्हणाले, "डिझेल वाचते म्हणून काढून ठेवला जी." शाफ्ट गोठ्यात, कडब्याच्या गंजीला टेकून पडला होता. उस्ताद हसले. "डिझेल नाही बाप्पा, ट्रान्सफर केस वाचवाले काढला." पुढच्या-मागच्या दातांत दहा टक्क्यांचा फरक असताना फोर व्हील ड्राइव्ह लावली, तर एक एक्सल पळा म्हणतो आणि दुसरा थांबा. मऊ चिखलात चाकं घसरून ते निभावतं. कडक रस्त्यावर मात्र सगळा ताण शाफ्टच्या क्रॉसवर (सांध्यावर) आणि ट्रान्सफर केसच्या गिअरवर येतो.

म्हणजे एफसीत रुंदी चुकली, पण दात जुळले. काटोलवालीत रुंदी जुळली, पण दात चुकले. पहिली चूक लांबून दिसते, म्हणून भाव पाडते. दुसरी दिसतच नाही. एफसीची चूक अगदीच निरुपद्रवी आहे असंही नाही. उंच केबिन, रिकामी असताना नाक जड, आणि मागे अरुंद पाया. भरलेल्या गाडीने वळण जपूनच घ्यावं लागेल. पण तिची फोर व्हील ड्राइव्ह आजच्या आज चालते, आणि रुंद एक्सल मिळाला की बैठकी कापून तो लावता येतो. काटोलवालीचे दात जुळवायचे तर मागचा चांगला एक्सल काढा किंवा पुढचा क्राऊन-पिनियन बदला, आणि मागे 5.38 आणलंत तर ती पुन्हा 50 वर.

किरकोळ खुणा

चाकांचे नट उघडून पाहा. जुन्या विलीज घराण्यात डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात. डावीकडे पुढे उलटे आणि मागे सुलटे निघाले, तर एक हब नक्की परका. स्टार्टरवर लुकास-टीव्हीएसची पट्टी दिसली तर तो 1961 नंतरचा, कारण कंपनीच त्या वर्षीची. पण स्टार्टर, डायनॅमो, दिवे यांच्या मुळाचा शोध घेण्यात अर्थ नाही, ते बदलायचेच असतात. काटोलवालीचे उलटे आटे पुढेमागे दोन्हीकडे बरोबर निघाले, हे मात्र नोंदवलं पाहिजे.

कागद

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे इंजिनासारखा बदल आरटीओच्या मंजुरीने करायचा आणि आरसीवर नोंदवायचा असतो. एफसीत इंधन तेच, सीसी तेच, नंबर तेवढा वेगळा. काटोलवालीत इंधनच बदललंय, आणि घरगुती जोडकामाला मंजुरी आणायची म्हणजे चपला झिजवणं. पुन्हा नोंदणीच्या वेळी निरीक्षक बोनेट उघडणारच.

भाच्याच्या डोक्यात 'व्हिंटेज' नंबरप्लेटही आहे. 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार नसलेली गाडी 'व्हीए' मालिकेत नोंदवता येते, फी 20,000 रुपये. पण अशी गाडी रोजच्या रस्त्यावर किंवा धंद्याला वापरता येत नाही. कळमन्याला संत्री न्यायची असतील तर तो विषय तिथेच मिटला.

माझं मत

शेतात फोर व्हील लागणार असेल तर कामठी रोडची एफसी. अट एक : इंजिन नंबराची आरसीवर नोंद विकणाऱ्याने करून द्यायची, त्याआधी टोकनच्या पुढे एक रुपया नाही. रुंद एक्सलसाठी जबलपूर-नागपूरच्या जुन्या मालवाल्यांना आत्ताच सांगून ठेवा आणि तोवर हौदा अर्धाच भरा. आणखी एक, एफसीत इंजिन दोन सीटांच्या मध्ये, केबिनमध्येच असतं. नागपूरचा मे महिना आणि मांडीशेजारी तापलेलं हरिकेन, याची कल्पना भाच्याला मी देऊन ठेवली आहे.

त्याचं मन काटोलवालीवर आहे, ते मला दिसतंय. घ्यायचीच असेल तर ती मागच्या दोन चाकांवर चालणारी ट्रॅक्टर-इंजिनाची गाडी समजून घ्यावी, त्या हिशेबाने भाव पाडावा आणि इंधनाची नोंद होईपर्यंत रस्त्यावर आणू नये. पुढचा शाफ्ट मालक सोबत फुकट देतो म्हणाले आहेत. तो आणायला हरकत नाही, पण गाडीला लावू नये.